पिल्लाने खाणे टाकले की

पिल्लाने एकदा ओकणे ही एक गोष्ट आणि त्याने खाणे टाकणे ही दुसरी. कुत्रा मुळातच सहज ओकणारा प्राणी आहे. अधाशीपणे खाल्ले, वर भरपूर पाणी प्यायले आणि लगेच चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, की पोटातले सगळे बाहेर येते. पिल्लू क्षणभर बिचकते आणि शेपूट हलवत पुन्हा वाटीकडे वळते. अशा पिल्लाची फार चिंता करावी लागत नाही. पण ज्याने सकाळी दोनदा ओकले आणि दुपारी आवडीचा घास नाकाशी धरला तरी मान फिरवली, त्याला उद्यापर्यंत तसेच ठेवण्यात धोका असतो. दोन्ही लक्षणे एकत्र आली की कारण शोधण्याआधी वेळेचा विचार करावा लागतो.

या घाईचे कारण पिल्लाच्या शरीरातच आहे. दोन महिन्यांच्या गावठी पिल्लाचे वजन दोन-तीन किलोच्या आसपास असते. यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा, अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि शरीरातल्या पाण्याचे प्रमाण मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त. मोठे कुत्रे दिवसभर उपाशी राहून सावरते. लहान चणीच्या जातीच्या पिल्लाची रक्तशर्करा मात्र काही तासांच्या उपासानेही डेसिलिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. मग ते लटपटते, गार पडते, कधी त्याला आकडी येते. पाण्याचेही तसेच आहे. दोन किलोच्या पिल्लाने वजनाच्या आठ टक्के पाणी गमावले म्हणजे अवघे १६० मिलिलिटर गमावले. तेवढ्यानेही डोळे खोल जातात, हिरड्या चिकट होतात आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहते.

दक्षिण आणि मध्य मुंबईतली अशी पिल्ले कित्येक पिढ्या परळला आणली जात आहेत. केईएम आणि टाटा या माणसांच्या मोठ्या रुग्णालयांपासून जवळच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. गिरणगावात ते बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखले जाते. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्थेचे हे रुग्णालय. १८८६ साली परळलाच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा शहरातल्या ट्रामगाड्या अजून घोडेच ओढत होते. नाव त्या काळाचे टिकले, रांगेत मात्र आता कुत्री-मांजरे अधिक दिसतात. २०२४ पासून महालक्ष्मीलाही टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू झाले आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत खासगी दवाखाने आहेत. तरीही लालबाग-परळच्या कुटुंबाला पिल्लू आजारी पडले की आधी आठवते ते परळचे जुने आवार.

अशा ओपीडीत काही काळ काम केलेल्या पशुवैद्याला सोमवार सकाळची रांग पाहूनच अंदाज येतो. कापडी पिशवीत, फळांच्या खोक्यात, जुन्या ओढणीत गुंडाळून पिल्ले आलेली असतात. जे पिल्लू खोक्यातून बाहेर यायला धडपडते त्याला थोडे थांबवता येते. जे खोक्याच्या कोपऱ्यात नाक खुपसून निपचित पडले आहे त्याचा नंबर मागचा असला तरी त्याला आधी टेबलावर घ्यावे लागते. विचारले की बहुतेक घरांतून उत्तर येते, ‘परवापासून नीट खात नाही, काल रात्री ओकलं.’ म्हणजे दीड-दोन दिवस गेलेले असतात. दात येत असतील, उकाड्यामुळे असेल, नजर लागली असेल, अशा समजुतींवर हा वेळ जातो. पण प्रत्येक वेळी समजूतच आड येते असे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या घरातला कमावता माणूस सकाळी सातला बाहेर पडतो, आजीला एकटीने जिना उतरणे जमत नाही, टॅक्सीवाला कुत्रा म्हटले की नाही म्हणतो आणि रात्रीचा दवाखाना परवडत नाही. पिल्लावरून मीठमोहरी ओवाळून टाकली म्हणून चिडणारा डॉक्टर त्या घराकडून पुढची खरी माहिती मिळण्याची वाट बंद करतो. शेवटचे पोटभर कधी खाल्ले, एवढेच शांतपणे विचारणे जास्त उपयोगी पडते.

माहिती विचारण्यावर इथे अर्धे निदान अवलंबून असते. केसपेपर हातात धरलेल्या माणसापेक्षा, ज्याने ओकारी पुसली त्याला जास्त ठाऊक असते. बहुधा ती घरातली बाई असते किंवा शाळकरी मूल. ओकारीत अन्न होते की नुसता पिवळा फेस, जंत पडले का, चॉकलेटी-काळपट कण होते का, वास कसा होता, हे तीच व्यक्ती सांगू शकते. हल्ली मोबाइलवर फोटो काढून आणतात, ही फार चांगली सवय आहे. रिकाम्या पोटी पित्ताचा पिवळा फेस येतो. दळलेल्या कॉफीसारखे कण म्हणजे पोटात झिरपलेले रक्त. ओकारीला शौचासारखा वास येत असेल तर आतडे तुंबल्याचा संशय घ्यावा लागतो. कधी सांगितले जाते तशी ती उलटी नसतेच. पोट आखडून, उमासे देऊन बाहेर येते ती उलटी. काहीही जोर न लावता, खाली मान घातल्याबरोबर न पचलेले अन्न नळीच्या आकारात घरंगळत बाहेर येत असेल तर दोष अन्ननलिकेत असतो. असे पिल्लू खायला नेहमीच तयार असते, तरी त्याचे वजन वाढत नाही. खोकून खोकून शेवटी फेस टाकणारे पिल्लूही ‘ओकतंय’ म्हणूनच येते.

वयाचे उत्तर बहुतेकदा ‘दोन महिन्यांचं आहे’ असे असते, आणि तोंड उघडून पाहिले तर दुधाचे दातही पुरते आलेले नसतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे सगळे दात दिसतात. श्वानपैदास आणि विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. तरी पाच-सहा आठवड्यांचे, आईपासून लवकर तोडलेले पिल्लू वाढदिवसाची भेट म्हणून घरात येते. त्याच आठवड्यात त्याची जागा, पाणी, खाणे आणि सोबत सगळे बदललेले असते. नव्या घरात आल्यापासून किती दिवस झाले, हा प्रश्न म्हणूनच टाळू नये. पार्व्होसारख्या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे आल्यानंतर आठवड्याभरात आजारी पडलेल्या पिल्लाने रोग बहुधा जुन्या ठिकाणाहूनच आणलेला असतो. ‘लस दिली आहे’ या उत्तराचा अर्थही तपासावा लागतो. पुस्तिकेवर एकच शिक्का आणि तोही आठ दिवसांपूर्वीचा असेल, तर त्या लसीच्या भरवशावर राहता येत नाही.

टेबलावर पहिली नजर हिरड्यांवर जाते. बोटाने दाबून सोडलेली हिरडी दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरी फटक हिरडी जंत किंवा रक्तस्राव सुचवते, पिवळी कावीळ, विटकरी लाल हिरडी रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. तापमान १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असले की बरे. १०४ चा ताप घरच्यांना घाबरवतो, पण अनुभवी डॉक्टर ९८ अंशाला जास्त घाबरतो, कारण गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम थांबवते. पोट हलक्या हाताने चाचपताना आतड्याचा एखादा भाग सॉसेजसारखा घट्ट लागला तर आतडे आतड्यात शिरल्याची शंका येते. जंतांमुळे किंवा जोराच्या जुलाबानंतर हे होऊ शकते आणि त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. शेवटी वजन. वजन न करता औषध भरणे पिल्लाच्या बाबतीत कधीच क्षम्य नसते.

साधी कारणे आधी. ताजे आणलेले पिल्लू हौसेने म्हशीच्या दुधावर आणि ग्लुकोज बिस्किटांवर ठेवले जाते. गाईम्हशीच्या दुधातली दुग्धशर्करा कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते, ती न पचल्याने जुलाब होतात, पोट फुगते आणि मग खाण्यावरची वासना जाते. दूध बंद केले की दोन दिवसांत फरक पडतो. जंतांचे प्रमाण त्याहून मोठे आहे. गोल जंतांच्या अळ्या आईच्या गर्भाशयातच पिल्लाच्या अंगात शिरतात, अंकुशकृमी दुधातून येतात, त्यामुळे घराबाहेर पाऊल न टाकलेले पिल्लूही जंतांनी भरलेले असू शकते. पोट नगाऱ्यासारखे, बाकी अंग हडकुळे आणि ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत, हे चित्र रस्त्यावरच्या पिल्लांत रोजचे आहे. जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयाला, नंतर दर पंधरा दिवसांनी दोन महिने पूर्ण होईपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यावे लागते. अंकुशकृमी रक्त पितात. त्यांनी पोखरलेल्या पिल्लाची शी डांबरासारखी काळी होते आणि कधी रक्त चढवण्याची वेळ येते.

गिळलेल्या वस्तू ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात गिरगावातल्या घरांतून आंब्याची कोय गिळलेली मोठाली पिल्ले येतात, पावसाळ्यात चौपाटीवरच्या मक्याच्या कणसाचा दांडा, गणपतीत सजावटीचा दोरा आणि नारळाची शेंडी. चेंडूचे तुकडे, मोजे आणि कोंबडीची हाडे बारा महिने असतात. अशा पिल्लात उलटी थांबवण्याचे औषध आंधळेपणाने दिले तर लक्षण झाकले जाते आणि आतडे सडायला लागते. आधी एक्स-रे किंवा सोनोग्राफी, मग औषध, हा क्रम पाळावा. सुपारीचीही आठवण इथे ठेवायला हवी. तिच्यातल्या अरेकोलिन या द्रव्याचा उपयोग एके काळी कुत्र्यांच्या पोटातले चपटे जंत पाडण्यासाठी होत असे. तेव्हा पिल्लाने पानदानातल्या सुपाऱ्या चघळल्यावर लाळ, उलटी आणि जुलाब सुरू झाले तर त्यात नवल नाही.

विषबाधेत सर्वांत घातक ठरते ते उंदरांचे औषध. जुन्या चाळींत, गोदामांत आणि बंद गिरण्यांच्या आसपास ते नेहमी टाकलेले असते. झिंक फॉस्फाइडची करडी-काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिसळली की फॉस्फिन वायू तयार होतो. ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो. अशा पिल्लाला खायला घालू नये, कारण अन्नाने आम्ल वाढते. त्याची ओकारी बंद खोलीत पुसू नये, खिडक्या उघडाव्यात, कारण तो वायू माणसालाही बाधतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम मात्र तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर पिल्लू ठीक वाटते. पुडी किंवा खोके मिळाले तर ते बरोबर आणावे. घरातले नेहमीचे पदार्थही बाधतात: चॉकलेट, शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसूण, आणि सगळ्यांत दुःखद म्हणजे तापावर माणसांची म्हणून दिलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी. विष बाहेर पडावे म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. त्याने रक्तातले सोडियम चढून पिल्लाला आकडी येते आणि एका संकटाची दोन होतात.

या सगळ्यांपेक्षा जास्त पिल्ले ज्या एका रोगाने टेबलावर येतात तो पार्व्हो. हा रोग जुना नाही. मांजरांच्या एका विषाणूशी जवळचे नाते असलेला हा विषाणू १९७८ साली कुत्र्यांत ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर तो तुटून पडतो. आतड्याच्या अस्तरातल्या नव्या पेशी आणि अस्थिमज्जा अशा दोन्ही ठिकाणी त्याचा घाला पडतो. अस्तर झडल्यामुळे अन्नपाणी शोषले जात नाही, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याच वेळी घटलेल्या असतात. एरवी हजारांत मोजली जाणारी ही संख्या वाईट दिवशी हजाराच्याही खाली येते. रक्ताचे, विशिष्ट उग्र वासाचे जुलाब हे त्याचे ओळखीचे लक्षण. तो वास जिन्यापर्यंत येतो आणि वॉर्डबॉयही नाव सांगतो. पण जुलाब नंतर लागतात. त्याआधी उलटी येते, आणि तिच्याही आधी पिल्लू मलूल होते आणि खाणे टाकते. पहिल्या दिवशी दिसते ते एवढेच, आणि तो दिवस हातचा गेला तर पुढचे सगळे दिवस भरपाईत जातात. शौचाच्या नमुन्यावर करायची किट-चाचणी दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते. अगदी सुरुवातीला ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते आणि नुकतीच लस दिली असेल तर फिकट पॉझिटिव्ह रेघ दिसू शकते. म्हणून पिल्लाची अवस्था आणि पांढऱ्या पेशींची मोजणी हाताशी असावी, केवळ रेघेवर निर्णय घेऊ नये.

विषाणूवर थेट चालणारे औषध रोजच्या वापरात नाही. अमेरिकेत २०२३ साली एका प्रतिद्रव्याच्या इंजेक्शनला सशर्त परवानगी मिळाली. एरवी जगभर उपचार म्हणजे पिल्लाचे आतडे स्वतःला दुरुस्त करेपर्यंत त्याला जिवंत ठेवणे. त्यात पहिला मान सलाईनचा. दोन किलोचे, आठ टक्के पाणी गमावलेले पिल्लू घेतले तर १६० मिलिलिटरची तूट, दिवसाच्या गरजेचे साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि शिवाय उलटी-जुलाबातून जात राहणारे, असे साडेतीनशे मिलिलिटरच्या पुढे चोवीस तासांत, थेंब थेंब द्यावे लागते. रिंगर लॅक्टेट, त्यात मोजून पोटॅशियम, साखर उतरली असेल तर ग्लुकोज. पुढच्या पायाची शीर दोऱ्यासारखी बारीक झालेली असते. ती मिळालीच नाही तर मांडीच्या हाडात सुई घालून द्रव देता येतो. सौम्य आजारात कातडीखाली सलाईन देणे चालते, पण शॉकमध्ये गेलेल्या पिल्लाच्या कातडीखाली भरलेला फुगा तसाच राहतो, रक्तापर्यंत पोहोचत नाही. मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉनने उलटी आवरते, आणि जंतू रक्तात शिरण्याचा धोका असल्याने प्रतिजैविके द्यावी लागतात. उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाते. वेळेवर आणि सलग उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ पिल्ले वाचतात. दोन आकड्यांमधले हे अंतर जवळजवळ सगळे पाण्याचे, साखरेचे आणि उबेचे आहे.

मुंबईतली अडचण सलग या शब्दात आहे. रात्रभर ठेवून घेणारे दवाखाने थोडे आणि खर्चिक, त्यामुळे बरीच पिल्ले दिवसा सलाईन घेऊन संध्याकाळी घरी जातात. पायात कॅन्युला आणि त्यावर पट्टी तशीच असते. त्या रात्रीची शुश्रूषा घरातली माणसे करतात, आणि त्यांना काय करायचे ते नीट सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. पट्टीखालचा पंजा सुजला किंवा गार लागला तर पट्टी सैल करावी. शहाबादी फरशीवर पिल्लू ठेवू नये, पंख्याखालीही नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवावी, पण त्याला तिच्यापासून सरकता येईल एवढी जागा असावी. पिल्लू लुळे पडले तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे दाट पाणी चोळावे आणि तडक निघावे. किती वेळा ओकले, किती वेळा शी झाली, हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवणारी घरे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोंद प्रयोगशाळेच्या कागदाइतकीच कामाची असते.

खाण्याबद्दलचे मत गेल्या काही दशकांत बदलले आहे. पूर्वी उलटी थांबेपर्यंत तोंडाने काहीच द्यायचे नाही, असा नियम होता. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी पार्व्होच्या पिल्लांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दाखल झाल्यावर बारा तासांतच नाकातल्या नळीने पातळ अन्न सुरू केलेली पिल्ले लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. आतड्याच्या अस्तराला पोषण आतूनच मिळते, ते उपाशी ठेवले तर भरून यायला वेळ लागतो. घरी याचा अर्थ असा की उलटी आवरल्यावर दर दोन तासांनी चमचाभर, आणि ते राहिले तरच पुढचा चमचा. उकडलेल्या कोंबडीचा कीस घातलेला मऊ भात, त्यात मीठ-मसाला, कांदा, लसूण नाही. शाकाहारी घरात ताजे पनीर कुस्करून भात द्यावा, अंडे चालत असेल तर ते अधिक बरे. आजारापुरते तरी प्रथिनांबाबत काटकसर करू नये. मान वर करून सिरिंजने जबरदस्तीने पाजलेली पेज फुप्फुसात जाते. पार्व्होतून वाचलेले पिल्लू अशा न्यूमोनियाने गेलेले पाहणे फार क्लेशाचे असते, आणि ते टाळता येण्यासारखे असते. पिल्लू आपणहून जीभ लावत नसेल तर दवाखान्यात नाकातून नळी घालून घ्यावी. सुधारणेची खूणही खाण्यातच दिसते: पाणी पोटात टिकते, मग वाटीचा आवाज ऐकून कान हलतात, मग ते एक-दोन घास घेते. बहुतेक पिल्ले पहिले तीन-चार दिवस काढली की सावरतात. सावरलेल्या पिल्लाला लाडाने एकदम भरपेट घातले तर उलटी परतते.

इतर रोग थोडक्यात. डिस्टेंपरमध्ये उलटीबरोबर डोळ्यांत चिपडे, नाकातून शेंबूड आणि पुढे स्नायू उडणे दिसते. गोचिडतापात उलटी कमी, पण ताप, फिकट हिरड्या आणि खाण्याचा कंटाळा ठळक असतो. लेप्टो हा मात्र या भागाचा खास रोग म्हणावा लागेल. दादर-परळच्या मधल्या हिंदमाताला पाणी तुंबले की उंदरांच्या मूत्रातले जंतू त्या पाण्यात उतरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माणसांत जी साथ आली तिचे मूळ हेच. अशा पाण्यातून गेलेल्या पिल्लाला उलटी, ताप, गडद लघवी आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर हातमोजे घालूनच त्याला हाताळावे, लघवी उघड्या हाताने पुसू नये.

आणि एक सावधगिरी इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी रोगांची यादी थांबवावी. रस्त्यावरचे पिल्लू खात नाही, लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलला आहे, असे दिसले की दयाळू माणूस घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालतो. ते रेबीजही असू शकते, तीन महिन्यांखालच्या पिल्लातसुद्धा. उघड्या हाताने तोंड तपासू नये. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी माणसांच्या रुग्णालयात लस सुरू करावी.

पार्व्होचे पिल्लू वाचो वा न वाचो, घराचे काम उरते. विषाणू शीतून बाहेर पडतो आणि सावलीतल्या, दमट जागी महिनोन्‌महिने, कधी वर्षभर टिकतो. फिनाइलने तो मरत नाही, हात चोळायच्या सॅनिटायझरनेही नाही. मळ आधी साबणाने पूर्ण काढून मग तीस भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळून ते फरशीवर दहा मिनिटे ओले राहू द्यावे. त्यात संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधी मिसळू नये, विषारी वायू होतो. गोणपाट, गादी, चपला, मऊ खेळणी स्वच्छ होत नसतील तर टाकून द्यावीत. चाळीत गॅलरी आणि जिना सामाईक असतो, तेव्हा शेजारच्या कुत्र्यांच्या मालकांना आजाराचे नाव मोकळेपणाने सांगणे हे कर्तव्य आहे. लाजेपायी ते लपवले जाते आणि दुसऱ्या मजल्यावरचे पिल्लूही आजारी पडते. कंपाउंडमधल्या वीतभराच्या चार पिल्लांतले एक ओकू लागले तर उरलेली तिघे निरोगी दिसत असली तरी त्यांनाही लागण झाली असे धरून चालावे, आणि वॉचमनने रोज सकाळी कोण वाटीकडे आले नाही एवढे पाहावे. पिल्लू गेलेल्या घरात पुन्हा पिल्लू आणायचेच असेल तर लसीकरण पूर्ण झालेले, मोठे पिल्लू आणावे.

लसीचा हिशेब घरोघरी चुकतो, तो एका कारणाने. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळे, कुठे सहाव्या आठवड्यात तर कुठे सोळाव्या. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना दिल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यायची, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या वयात आणखी एक. दोन इंजेक्शने झाली म्हणून बाराव्या आठवड्यात थांबलेली पिल्ले पार्व्होच्या रांगेत पुष्कळ असतात. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला शिवाजी पार्कच्या कट्ट्याखाली किंवा फूटपाथवर, जिथे अनेक कुत्री शी करून जातात, तिथे खाली सोडू नये. कडेवर घेऊन रहदारी, माणसे, ढोलताशा दाखवायला हरकत नाही, उलट त्या वयात ते दाखवायलाच हवे. लेप्टोच्या लसीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात आणि पुढे दरवर्षी एक. पहिला डोस आठ आठवड्यांनंतर कधीही घेता येतो, फक्त दुसरा जूनमध्ये पाणी तुंबायच्या आधी पूर्ण व्हावा.